माटोळीतली बियाणी : पेडणे-डिचोलीच्या परसातून जगाच्या वाटा

आपल्यापैकी बहुतेकांची कुटुंबे गोवा मुक्तीनंतर, म्हणजे १९६१ नंतर, नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने इकडे आली. आमचे बिऱ्हाड १९७४ साली आले. त्या वर्षीच्या चतुर्थीला पेडण्यातल्या एका परिचित घरी दर्शनाला गेले, तेव्हा मूर्तीपेक्षा आधी नजर गेली ती वर. मखराच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगलेली आणि तिला नारळाच्या पेंडी, सुपारीचे घोस, तोरिंगे, काकड्या, दोडकी, चिबूड, लाल भोपळा, रानातली कांगणे, कवंडळे, घागऱ्या असे किती काही बांधलेले! आमच्याकडे देशावर गौरी-गणपतीला आरास असते, पण हे निराळेच होते. ही माटोळी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत ती आजही निगुतीने बांधली जाते, आणि आता तर राज्य शासनाच्या कला व संस्कृती खात्यातर्फे माटोळीच्या स्पर्धाही होतात.

पुढे शाळेत इतिहास शिकवताना एक प्रश्न मनात घर करून बसला. माटोळीला जे बांधतात, त्यातले इथले किती आणि बाहेरून आलेले किती? काकडी, दोडका, वांगे, चिबूड ही आपल्या देशाची जुनी पिके. भेंडीचे मूळ आफ्रिकेकडे जाते. लाल भोपळा अमेरिकेचा. काही माटोळ्यांत अननस, पेरू, सीताफळ, मक्याचे कणीस असते. ती चारही अमेरिका खंडातली. देवाच्या डोक्यावर आपण नकळत जगाचा नकाशाच बांधत असतो. या बियाण्यांचा प्रवास कसा झाला, आणि ती जपली कोणी, हे यंदाच्या स्मरणिकेसाठी सांगावेसे वाटते.

ओल्ड गोव्यातला वैद्य आणि त्याचे पुस्तक

१५३४ साली गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्याला आला आणि पुढची सारी हयात त्याने इथेच काढली. वनस्पती आणि औषधी यांवरचे त्याचे संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. भारतात छपाईची कला येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. आंबा, फणस, नारळ, मिरी, दालचिनी, धोतरा अशा कितीतरी गोष्टींविषयी त्याने वैद्य, हकीम आणि व्यापारी यांना विचारून लिहिले. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होते, आणि तिथल्या आपल्या बागेतल्या वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा उल्लेख त्याने कौतुकाने केला आहे. चारच वर्षांत क्लुसियस या युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या पुस्तकाचा लॅटिन सारांश काढला आणि आपल्याकडच्या झाडापेडांची माहिती युरोपभर गेली. माणूस मात्र मेल्यावरही सुटला नाही. तो मूळचा ज्यू घराण्यातला. १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. पणजीत आज त्याच्या नावाची बाग आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या पुस्तकात काय आहे याबरोबरच काय नाही तेही पाहावे. आज ज्याशिवाय आपल्या स्वयंपाकघरात चूल पेटत नाही ती मिरची त्यात नाही. टोमॅटो नाही. अमेरिकेहून आलेली पिके तेव्हा नुकती उतरत होती. त्यानंतर वीस वर्षांनी, १५८३ ते १५८८ या काळात, लिन्सखोतन हा डच तरुण गोव्यात राहिला. त्याच्या प्रवासवर्णनात ब्राझीलहून आणलेला अननस येतो, आणि पहिल्यांदा नवलाईमुळे महाग असलेले हे फळ लागवड वाढल्यावर स्वस्त झाल्याचेही तो सांगतो. एका माणसाच्या उमेदीच्या काळात परके फळ बाजारात रुळले, हे यावरून कळते.

देवाणघेवाण दोन्ही अंगांनी

आपण शाळेत शिकतो की पोर्तुगीजांनी काजू, मिरची, पपई आणली. हे खरे, पण अर्धे. गलबते जशी भरून येत तशी भरून जातही. आंबा, नारळ आणि फणस ब्राझीलला गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस मिरी आणि दालचिनीची रोपे मुद्दाम गोव्याकडून बाहियाला पाठवली गेली. रिओ शहराला लागून असलेल्या तिजुका जंगलात आज फणसाची इतकी झाडे माजली आहेत की त्यांना आवर कसा घालावा, हा तिथल्या लोकांपुढे प्रश्न आहे. ब्राझीलमध्ये फणसाला 'जाका' म्हणतात. तो शब्द मल्याळम 'चक्का'वरून गेला. आपण त्यांचा 'काजू' घेतला तो नावासकट. एका परीने काजू देऊन फणस घेण्याचाच हा व्यवहार झाला.

अननस, पपई, बटाटा हे शब्द असेच पोर्तुगीजांच्या बोटाला धरून मराठीत आले. टोमॅटोची गंमत निराळी. मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या 'तोमात्ल'पासून पोर्तुगीज 'तोमाते' झाले, आणि त्यावरून गोव्यात 'टोमाट'. मराठीने मात्र इंग्रजीकडून 'टोमॅटो' घेतला. विदर्भात त्याच फळाला 'भेदरं' म्हणतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजीवाली 'टोमाट' म्हणते आणि आपण 'टोमॅटो' मागतो, तेव्हा एकाच बियाण्याच्या दोन वाटा समोरासमोर उभ्या असतात.

टोमॅटो तसा आपल्याकडे उशिराच रुळला. त्याचे जंगली भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनारपट्टीकडचे. त्याला आजचे मोठे रूप मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी दिले. युरोपात १५४४ साली मात्तिओली या इटालियन वैद्याने त्याची नोंद केली, तरी तिथेही लोक त्याला बिचकत होते. बंगालीत त्याचे जुने नाव 'बिलिती बेगुन', म्हणजे विलायती वांगे. या नावातच त्याचे परकेपण आहे. आपल्याकडे काही घरांत श्राद्धाच्या किंवा चतुर्थीच्या सोवळ्याच्या स्वयंपाकात टोमॅटो, कोबी, फ्लॉवर अजून घेत नाहीत. मात्र त्याच घरात खतखत्यात रताळे, लाल भोपळा आणि मक्याचे कणीस निःशंकपणे पडते. ही तिन्ही अमेरिकेचीच, फक्त आधी आलेली! परके आणि आपले यांतली रेघ पुष्कळदा काळच ओढतो.

नव्या काबिजातीत बी आधी पोहोचले

पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगीजांच्या ताब्यात फार उशिरा गेले. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजाती सोळाव्या शतकातल्या. डिचोली, सत्तरी आणि शेवटी पेडणे हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८१ ते १७८८ या काळात गेले. तोवर हा मुलूख मराठी सत्तेच्या छायेत होता. इथली मराठी, इथली सोयरीक, इथल्या देवस्थानांच्या चालीरीती यांवर त्याची खूण आजही दिसते.

मिरचीने मात्र राज्याच्या हद्दी विचारल्या नसणार. अठराव्या शतकात मिरची मराठी मुलखात घरोघरी झालेली होती. राज्य बदलण्याआधी पीक बदलले होते. बी नेणारे लोक राजे नव्हते. सासरी जाणारी मुलगी, जत्रेला आलेला पाहुणा, मीठ घेऊन घाट चढणारा आणि परतताना धान्य आणणारा बैलवाला यांच्या गाठोड्यातून बी जात असे. त्याला जकात नव्हती, म्हणून त्याचे कागदही नाहीत.

बी एका जागी शंभर-दोनशे वर्षे पेरले गेले की त्या मातीचे होऊन जाते. पेडण्याच्या किनाऱ्याकडची हरमलची मिरची आणि काणकोणातली खोल्याची मिरची या दोन्हींचे पूर्वज अमेरिकेतलेच. पण आज त्या इतक्या गोव्याच्या आहेत की दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फेणीला ते २००९ साली मिळाले होते. त्यानंतर मयड्याची केळी, आगशीची वांगी, सात शिरांची भेंडी आणि मानकुराद आंबा यांनाही मिळाले. मानकुराद हे नाव पोर्तुगीज 'मालकोराद', म्हणजे रंगाने उणा, यावरून पडले; रंग कमी पण चव सरस! आंब्याचे मात्र बियाण्यावर भागत नाही. कोय लावली तर तेच फळ येईल याची खात्री नसते, म्हणून कलम लागते. कलमाच्या या विद्येचा गोव्यात प्रसार होण्यात जेझुइट पाद्र्यांचा मोठा वाटा होता. मिरची, टोमॅटो, दोडका यांचे तसे नाही. तिथे सारी भिस्त बियाण्यावर, आणि बियाण्याची भिस्त घरातल्या बायकांवर.

पाकिटातून गेलेली बियाणी

परदेशातल्या बागवानांशी बियाण्यांची देवघेव हा आजचा छंद आहे असे वाटते. तो तसा नाही. मराठीचे व्याकरण १८०५ साली छापणारे विल्यम केरी आपल्याला ठाऊक आहेत. तेच केरी बंगालमधल्या श्रीरामपूरला मोठी बाग राखून होते आणि इंग्लंडमधल्या बागवानांशी त्यांचा बियाण्यांचा पत्रव्यवहार होता. एकदा विलायतेहून आलेल्या बियाण्यांची पिशवी रिकामी झाल्यावर त्यांनी ती सावलीतल्या जमिनीवर झटकली. काही दिवसांनी तिथे इंग्लंडच्या कुरणातले साधे डेझीचे फूल उगवले. मायदेश सोडून कित्येक वर्षे झालेल्या त्या माणसाला केवढा आनंद झाला! १८२० साली त्यांनी कोलकात्यात कृषी आणि बागायतीला वाहिलेली संस्थाही स्थापन केली.

अमेरिकेत ही परंपरा घराण्यांतून चालली. डायेन ऑट व्हीली या बाईंच्या आजोबांनी तिला दोन प्रकारचे बी दिले, एक टोमॅटोचे आणि एक निळ्या-जांभळ्या गारवेलीच्या जातीच्या फुलाचे. घरच्या माणसांनी बव्हेरिया सोडताना १८८४ साली ते बी सोबत आणले होते. आजोबा गेले, आणि तिच्या ध्यानात आले की हे बी आता आपल्याच हातात आहे. १९७५ साली तिने आणि तिच्या पतीने अशा घरगुती वाणांची देवघेव करणाऱ्यांची संस्था काढली. 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' हे तिचे नाव, आणि आज आयोवा राज्यात तिचे शेत आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका मोटारदुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांची गोष्टही तिथे आवडीने सांगतात. त्यांनी चांगल्या टोमॅटोंचा संकर करून वर्षानुवर्षे निवड केली, एक वाण स्थिर केला आणि त्याची रोपे एक-एक डॉलरला विकून सहा वर्षांत घरावरचे सहा हजार डॉलरचे कर्ज फेडले. त्या वाणाचे नावच पडले 'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे गहाण सोडवणारा!

टोमॅटो या छंदाला सोयीचा, कारण त्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे संकरित नसलेल्या वाणाचे बी पेरले की पुढच्या पिढीत तेच फळ येते. रीतही सोपी. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट वाडग्यात काढावा, दोन-तीन दिवस आंबू द्यावा, म्हणजे बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. मग धुवून सावलीत वाळवावे. मिरचीचे तसे नाही. मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, म्हणून बियाण्याची मिरची इतर जातींपासून दूर लावावी लागते. बाजारातल्या संकरित टोमॅटोचे बी धरले, तर मात्र पुढच्या पिढीत रूप बिघडते. ज्यांनी परसात हा प्रयोग केला आहे त्यांना हा अनुभव असेलच.

माझे दोन अपराध

इथे मला दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेला गेले होते. तिथल्या शेजाऱ्यांनी जांभळट रंगाच्या जुन्या टोमॅटोचे बी कागदात बांधून दिले. ते मी पर्समध्ये घालून घेऊन आले. कुणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. पावसाळा सरल्यावर परसात पेरले. रोपे सुंदर वाढली, फुलावर आली, आणि एका आठवड्यात एकेक करून हिरवीच्या हिरवी माना टाकून मेली. आमच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत जिवाणूजन्य मर रोग असतो; टोमॅटो, वांगी, मिरची या एकाच कुळातल्या झाडांना तो लागतो. ओल्ड गोव्याच्या एला गावातल्या केंद्रीय कृषी संशोधन संस्थेने या रोगाला तोंड देणारे वांग्याचे वाण काढले आहेत ते याचसाठी. परक्या टोमॅटोला या मातीची ओळख नव्हती.

हे झाल्यावर वाचन केले, तेव्हा घाम फुटला. २००३ च्या आदेशानुसार परदेशातून बी आणायचे तर आयात परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. हा नुसता कागदी जाच नाही. जॉर्डन आणि इस्राएलमध्ये गेल्या दशकात सापडलेला टोमॅटोचा एक विषाणू बियाण्यावरून जगभर पसरला आणि फळे सुरकुतून, डागाळून बागाच्या बागा गेल्या. माझ्या चिमूटभर बियांतून असले काही आले असते तर शेजारच्या मळेवाल्याचे काय झाले असते? परदेशी नातेवाइकांकडून बी मागवण्याची हौस आपल्यापैकी अनेकांना आहे. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, की परवान्याशिवाय आणू नका आणि पाठवूही नका. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या वाणांसाठीही २००२ चा जैवविविधता कायदा आहे.

दुसरा अपराध याहून मोठा. पेडण्याच्या ज्या घरी मी पहिली माटोळी पाहिली, तिथल्या काकींनी मला एकदा त्यांच्या घरची मिरची आणि चिबडाचे बी दिले होते. चुलीच्या वर टांगलेल्या पिशवीतून काढून, राख चोळून दिले होते. चुलीचा धूर आणि राख ही त्यांची कीटकनाशके. देताना म्हणाल्या होत्या, "बीं कपाटांत उरना बाई, मातयेंत उरता." मी हसले, आणि ते नीट काचेच्या बरणीत घालून कपाटात ठेवले. मग बदली, मुलांच्या परीक्षा, घर बदलणे. बरणी सापडली ती बऱ्याच वर्षांनी. पेरले, पाणी घातले, वाट पाहिली. एकही कोंब आला नाही. गोव्याच्या दमट हवेत मिरचीचे बी उघड्या घरात दोन-तीन वर्षांपलीकडे सहसा टिकत नाही. काकींकडे जाऊन पुन्हा मागावे म्हटले, तर काकी राहिल्या नव्हत्या आणि मुलांनी परस पाडून खोल्या बांधल्या होत्या. ते चिबूड नंतर मला कुठेही खायला मिळाले नाही.

आयोवातल्या त्या बाईने आजोबांचे बी राखले. माझ्या हातातले गेले. फरक एवढाच.

चांगले फळ कुणासाठी?

मनोहर पर्रीकर आपल्या पर्रा गावाच्या कलिंगडांची एक गोष्ट सांगत, ती अनेकांनी ऐकली असेल. शेतकरी हंगामाच्या अखेरीस मुलांना बोलावून हवी तितकी कलिंगडे खायला देत. अट एकच, बी चावायचे नाही, भांड्यात टाकायचे. खायला मिळत ती शेतातली सर्वांत मोठी, उत्तम कलिंगडे, कारण त्यांचेच बी पुढच्या वर्षी पेरायचे असे. पुढच्या पिढीने विचार केला, की मोठी बाजारात नेली तर पैसे जास्त येतात. मुलांना लहान दिली तरी चालेल. बी लहान फळांचे राहिले, आणि वर्षामागून वर्षे फळ लहान होत गेले. शेतीवर बोलता बोलता ती गोष्ट शिक्षणाकडे वळत असे. मला मात्र त्यात बियाण्याचा सगळा धर्म सांगितलेला दिसतो.

पेडणे-डिचोलीत हा धर्म पाळणे अवघड होत चालले आहे. डिचोलीच्या कित्येक शेतांत खाणींच्या काळात गाळ उतरला. पेडण्यात किनारपट्टीवर पर्यटन वाढले आणि मोपाला २०२२ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. नव्या पिढीला रोजगार हवा, त्यात गैर काही नाही. पण परस गेले की बी जाते, आणि ते गेल्याची बातमी कुठेच छापून येत नाही.

कायदा निदान आपल्या बाजूचा आहे. २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे; फक्त संरक्षित वाणाचे बी छापील ब्रँड लावून विकता येत नाही. परदेशाच्या वाटेवर परवाने आहेत. शेजारच्या घराच्या वाटेवर नाहीत.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. माटोळीला आपण बांधतो ती भेंडी, काकडी, दोडकी कोवळी असतात. त्यांत पेरण्याजोगे बी नसते. प्रत्येक घराने वेलावरचे पहिले चांगले फळ देवाला द्यावे आणि दुसरे तितकेच चांगले वेलावरच जून होऊ द्यावे. दिवाळीपर्यंत ते वाळेल. वायंगणी हंगामाच्या आधी एका रविवारी आपण जमू. प्रत्येकाने कागदी पुडीत आपले बी आणावे, पुडीवर जात, गाव आणि बी धरल्याचे वर्ष लिहावे, आणि दुसऱ्याचे घेऊन जावे. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात गावठी मिरची घेऊन बसणाऱ्या बायकांकडूनही थोडे बी मागून घेऊ, आणि त्याचे पैसे मोजून देऊ.

माझी एक अट आहे. नेलेले बी कपाटात ठेवायचे नाही. त्याच वर्षी पेरायचे, आणि पुढच्या वर्षी निदान दोघांना द्यायचे. कुणाकडे पेडण्याकडचे जुने चिबूड असेल, तर पहिली पुडी माझ्यासाठी राखून ठेवा. या वेळी बरणी काढणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!